वडिलांचे .२५ चे पिस्तूल .३२ करून घ्यावे का?

प्रश्न : संगमनेरजवळ माझे कृषी सेवा केंद्र आहे, वय ५२. हंगामात रात्री दुकान बंद करून दीड-दोन लाखांचा गल्ला घेऊन मोटरसायकलने आठ किलोमीटरवर घरी जातो. वडिलांचे .२५ बोअरचे खिशात मावणारे जुने विलायती पिस्तूल त्यांच्या पश्चात रीतसर माझ्या परवान्यावर आले आहे, पण काडतुसे मिळत नाहीत. ओळखीचा एक कारागीर ५५ हजारांत ते .३२ करून देतो म्हणतो. परवानाधारक विक्रेता जुन्याचे ७० हजार द्यायला तयार आहे, नव्या.३२ पिस्तुलाचे तो करासह १ लाख ४० हजार सांगतो. त्यासाठी दोन लाखांची मुदत ठेव मोडावी लागेल. काय करू?

उत्तर : कारागिराला नाही म्हणा, आणि पिस्तूल बघायलासुद्धा त्याच्या हाती देऊ नका.

आधी पैशांचेच बोलू. तुम्ही ५५ हजारांची तुलना १ लाख ४० हजारांशी करता आहात, तिथेच हिशेब चुकतो. जुने विकून नवे घेतले तर खिशातून ७० हजार जातात. म्हणजे बदल करून वाचतात ते फक्त १५ हजार. एवढ्या बचतीसाठी आज ७० हजार किमतीची वस्तू तुम्ही कायमची मातीमोल करणार. जुन्या विलायती पिस्तुलांना आपल्याकडे भाव मिळतो, कारण खासगी आयात अनेक वर्षांपासून जवळपास बंद आहे. आणि तो भाव मूळ नळी, मूळ भाग आणि परवान्याशी जुळणारा क्रमांक यांचा असतो. नळी बदललेले पिस्तूल कोणताही परवानाधारक विक्रेता घेणार नाही.

घेणार नाही याचे कारण कायदा. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ नुसार शस्त्रात बदल करायला, इतकेच काय दुरुस्त करायलाही, त्या कामाचा वेगळा परवाना लागतो. तुमचा परवाना बाळगण्याचा आहे, बदल करण्याचा नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या कलमाच्या भंगाला किमान सात वर्षे आणि जास्तीत जास्त जन्मठेप अशी शिक्षा आहे. शिवाय परवान्यावर बोअर .२५ लिहिलेला आणि हातात .३२, म्हणजे तुमच्याच घरात बिगरपरवाना शस्त्र. उद्या खरोखर स्वसंरक्षणासाठी गोळी झाडावी लागली, तर न्यायवैद्यक तपासणीत पहिल्याच दिवशी हे उघड होईल आणि फिर्यादी असलेले तुम्ही आरोपी व्हाल. वकिलाचा खर्च मी या हिशेबात धरलेलाच नाही.

कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी हे काम यांत्रिकदृष्ट्या जमणारे नाही. .२५ चे काडतूस म्हणजे ६.३५ मिलिमीटर आणि .३२ म्हणजे ७.६५, हे ऐकून सव्वा मिलिमीटरचाच तर फरक, असे वाटते. पण काडतुसाच्या बुडाचा व्यास .२५ मध्ये सुमारे ७.७ मिलिमीटर असतो, .३२ मध्ये ९.१. त्यामुळे नुसती नळी बदलून भागत नाही. स्लाइडचा (पिस्तुलाच्या मागे-पुढे सरकणाऱ्या वरच्या भागाचा) काडतूस टेकणारा भाग, रिकामे पुंगळे ओढणारी आकडी, मॅगझिन, सगळेच अपुरे पडते. त्याहून गंभीर बाब जोराची. ही छोटी पिस्तुले गोळी सुटताना केवळ स्लाइडच्या वजनावर आणि स्प्रिंगच्या ताणावर बंद राहतात. .३२ ची ऊर्जा .२५ च्या साधारण दुप्पट असते. .२५ साठी घडवलेली हलकी स्लाइड त्या जोराने वेळेआधी आणि फार वेगाने मागे येते. पुंगळे फुटते, सांगाड्याला तडा जातो, आणि हे सगळे तुमच्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर घडते. अमेरिकेत मकारोव्हसारख्या पिस्तुलाची नळी बदलून .३८० ची काडतुसे वापरतात, त्याचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. तिथे दोन काडतुसांची बुडे जवळपास सारखी असतात, जोरही तुल्य असतो, आणि ते बाजारात मिळणाऱ्या तयार नळीने, तिथल्या कायद्यात बसवून केले जाते. तुमच्या प्रकरणाशी त्याचा संबंध नाही.

आता नव्या पिस्तुलाकडे वळू. २२ सप्टेंबर २०२५ पासून पिस्तूल-रिव्हॉल्व्हरवरचा जीएसटी २८ वरून ४० टक्के झाला आहे. तुम्हाला सांगितलेल्या किमतीत वस्तू एक लाखाची आणि कर ४० हजारांचा आहे. विकताना हा कर परत मिळत नाही, म्हणून हा खर्च समजा, गुंतवणूक नव्हे. पिस्तूल घेऊन कपाटात ठेवणे म्हणजे पैसे वाया. वर्षाला निदान ५० काडतुसांचा सराव हवा, परवान्यावरची काडतुसांची मर्यादा पाहून. गोळीमागे १५० रुपये धरले तर वर्षाला ७,५०० आणि पाच वर्षांत ३७,५००. भिंतीत बोल्टने बसवलेली छोटी तिजोरी १२ हजारांची धरा. पाच वर्षांचा एकूण आकडा १ लाख ८९ हजार ५०० होतो, महिना सुमारे ३,१६० रुपये. निवडणुकीच्या काळात शस्त्र जमा करण्याचा आदेश आला तर ते आठवडे त्याच्याविना काढावे लागतात, हेही लक्षात ठेवा. एक सावधगिरी : भारतीय .३२ रिव्हॉल्व्हरचे काडतूस (एस अँड डब्ल्यू लाँग) आणि .३२ पिस्तुलाचे (एसीपी) वेगवेगळे असते. पावतीवर नुसते ‘.३२’ लिहून घेऊ नका.

मुदत ठेव मात्र मोडू नका. ठेवीला दोन वर्षे झाली असतील आणि दंड एक टक्का असेल, तर दोन लाखांवर साधारण ४ हजार जातील. त्याऐवजी ठेवीवर ओव्हरड्राफ्ट, म्हणजे ठेव तारण ठेवून लागेल तेवढी उचल, घ्या. व्याज सहसा ठेवीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त असते. साडेआठ टक्क्यांनी ७० हजार सहा महिने वापरले तर जेमतेम ३ हजार लागतात आणि ठेव शाबूत राहते.

पण माझा खरा आक्षेप वेगळाच आहे. मोटरसायकल चालवताना दोन्ही हात हँडलवर असतात. अडवणारा गाडी पाडतो किंवा बाजूने येऊन पिशवी ओढतो. खिशात हात जाईपर्यंत पिशवी गेलेली असते. धोका तुमच्याकडे पिस्तूल नाही यात नाही, रात्रीच्या पिशवीत दोन लाख आहेत यात आहे. म्हणून पहिला पैसा तिथे खर्च करा. दुपारी एकदा आणि चारच्या सुमारास एकदा, दिवसाउजेडी बँकेत भरणा करा. रोख भरताना पॅन कधी लागतो ते आणि चालू खात्याची मोफत रोख भरण्याची मर्यादा शाखेत विचारून घ्या. मोठ्या बिलांना यूपीआय किंवा आरटीजीएसचा आग्रह धरा. एकाच व्यक्तीकडून एका दिवसात दोन लाख किंवा अधिक रोख घेणे तसेही आयकर कायद्यात बसत नाही.

उरलेल्या रोकडीसाठी दुकानदारांच्या पॅकेज पॉलिसीत ‘मनी इन्शुरन्स’ घ्या. त्यात दुकान ते बँक किंवा घर या वाटेवरची आणि तिजोरीतली रोकड धरता येते. प्रस्तावात एका फेरीतली कमाल रक्कम खरी लिहा; ५० हजार लिहून दोन लाख नेलेत तर भरपाई ५० हजारांवर थांबते. गाडीच्या डिकीत ठेवून चहाला थांबलात आणि रोकड गेली, तर बहुतेक पॉलिसी दावा नाकारतात. दाव्याला एफआयआर आणि त्या दिवसापर्यंत लिहिलेली रोकडवही लागते. वही दोन दिवस मागे असेल तर विमा कंपनीचा सर्वेक्षक तिथेच अडवतो.

तेव्हा हा हंगाम असा काढा. जुने पिस्तूल विका आणि आलेल्या ७० हजारांतून दुकानातली भिंतीत रोवलेली तिजोरी, कॅमेरे आणि विम्याचा हप्ता भागवा. रात्रीची रोकड वीस-तीस हजारांवर आली आणि तरीही रस्त्याची भीती जात नसेल, तर नवे .३२ घ्या, तो खर्च तुम्हाला झेपणारा आहे. वडिलांची आठवण म्हणून जुने ठेवायचे असेल तरी हरकत नाही. २०१९ पासून एका परवानाधारकाला दोन शस्त्रांची मर्यादा आहे, त्यात दोन्ही बसतात. मग मात्र नव्याचे पूर्ण १ लाख ४० हजार आणि तिजोरी-कॅमेऱ्यांचा खर्च वेगळा उभा करावा लागेल, हे धरून चला.

विकताना विक्रेत्याचा परवाना चालू आहे का ते पाहा. जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून त्याची पोच घ्या आणि ४५ दिवस उलटल्यावरच पिस्तूल हवाली करा. घरात जुनी काडतुसे उरली असतील तर ती झाडून पाहू नका, फेकूही नका. पिस्तुलासोबत विक्रेत्याकडे जमा करून वेगळी पावती घ्या. व्यवहार झाला की परवान्यावरची .२५ ची नोंद कमी करून घ्या. ती तशीच राहिली तर पुढच्या नूतनीकरणाला नसलेल्या पिस्तुलाचा हिशेब द्यावा लागतो.