आलेखावर ३.५, लोप पद्धतीने ४.५: नेमकं काय चुकलं?

तुम्ही विचारलंत: मुलीने समीकरणांची एकच जोडी दोन्ही पद्धतींनी सोडवली; एक्सची किंमत आलेखावर ३.५ आली आणि लोप पद्धतीने, म्हणजे एक अक्षर उडवून, ४.५ आली, तर चूक कुठे? आलेख बरोबर आहे, आकडेमोड चुकली आहे. तुमच्या मुलीची समीकरणं अशी (एक्स-वायच्या जागी क्ष-य लिहितो):

३क्ष + २य = १६
क्ष − २य = −२

य चे सहगुणक +२ आणि −२, म्हणून बेरीज करायची हे तिला बरोबर सुचलं. गोव्यात हायस्कूलचं गणित बहुतेक इंग्रजीतून असतं, तेव्हा वर्गात ज्याला एलिमिनेशन म्हणतात तीच ही लोप पद्धत. डावीकडे ४क्ष आलं. उजवीकडे मात्र १६ + (−२) ऐवजी १६ + २ झालं. १८ भागिले ४, म्हणून ४.५. खरं उत्तर १४ भागिले ४, म्हणजे क्ष = ३.५ आणि य = २.७५.

ताळा करूनही चूक का सापडली नाही? ४.५ ही किंमत दुसऱ्या समीकरणात घालून तिने य = ३.२५ काढला आणि ताळाही त्याच समीकरणात केला. तिथे तो जुळणारच. य त्यातूनच तर काढला! ज्या समीकरणातून य काढला, ते सोडून उरलेल्या समीकरणात ताळा करायचा. पहिल्या समीकरणात घातलं की १३.५ + ६.५ = २० येतं, हवे १६. चूक लगेच उघडी.

आता आलेखाचं. पहिल्या समीकरणात क्ष = १ घेतलं की य = ६.५ येतो, असले बिंदू टाळावेत. पूर्णांक येतील अशाच किमती शोधायच्या: पहिल्या रेषेसाठी (०, ८), (२, ५), (४, २), दुसरीसाठी (−२, ०), (०, १), (४, ३). रेषेला दोन बिंदू पुरतात, तिसरा पहारेकरी. तो रेषेबाहेर पडला तर कोष्टक तपासा, पट्टी वाकडी धरून तिन्ही जुळवू नका. बिंदू लांब लांब घ्या. १ सेंटीमीटर अंतरावरच्या दोन बिंदूंपैकी एक अर्धा मिलिमीटर चुकला, तर बरोबर बिंदूपासून ४ सेंटीमीटरवर रेषा २ मिलिमीटर सरकते.

१ सेंटीमीटर = १ एकक या प्रमाणात २.७५ नेमकं वाचता येत नाही, २.७ किंवा २.८ दिसेल. त्यात काही चूक नाही. इथे रेषा जवळजवळ काटकोनात छेदतात म्हणून वाचन इतकं तरी जमतं. रेषा जवळपास समांतर असल्या की पेन्सिलीच्या जाडीतच छेदनबिंदू हरवतो; तिथे उत्तर आकडेमोडीचंच धरायचं.

शाब्दिक उदाहरणात अपूर्णांक आला तर मात्र सावध. समजा, पणजी-बेती फेरीबोटीवर दुचाकी आणि चारचाकी मिळून २० गाड्या, चाकं ५६. क्ष + य = २०, २क्ष + ४य = ५६; दुचाकी १२, चारचाकी ८. इथे साडेसात गाड्या आल्या, तर आधी समीकरण कसं मांडलंय ते बघा, मग आकडेमोड.