हंगेरीतल्या कारखान्यासाठी हॅम्बुर्ग सोडून पिरेयस बंदर घ्यावं का?

तुम्ही लिहिलंय की पुण्याहून हंगेरीला जाणारे सुटे भाग आजवर न्हावा शेवा–हॅम्बुर्ग मार्गाने जात होते आणि आता फॉरवर्डर (तुमच्या मालाची वाहतूक ठरवून देणारा एजंट) ग्रीसचं पिरेयस बंदर सुचवतोय. तर त्यात अडचणी काय? मी बुडापेस्टमध्ये एका बहुराष्ट्रीय उत्पादक कंपनीच्या आयात विभागात आहे. आमचा माल दोन्हीकडून येतो. माझं मत सांगतो: पिरेयस बंदर चांगलं आहे, घोडं अडतं ते बंदराच्या मागच्या रेल्वेवर.

चीनच्या कॉस्को कंपनीने २००९ मध्ये तिथले कंटेनर धक्के चालवायला घेतले आणि २०१६ मध्ये बंदराच्या कंपनीचे ५१ टक्के समभागही विकत घेतले. २०१३ च्या सुमारास कंटेनर धक्क्यापर्यंत रेल्वे आली, संगणक बनवणाऱ्या एचपी कंपनीने आपला माल तिथून मध्य युरोपात पाठवायला सुरुवात केली आणि या मार्गाचं नाव झालं. सुएझमधून निघालेलं जहाज पिरेयसला लवकर लागतं. हॅम्बुर्गसाठी त्याला जिब्राल्टरला वळसा घालून वर जावं लागतं. म्हणजे पिरेयसला माल उतरवला तर साधारण आठवडा वाचतो आणि फॉरवर्डर तुम्हाला तोच आठवडा दाखवतोय.

पण कंटेनर उतरल्यावर पुढे थेस्सालोनिकी, इडोमेनीची ग्रीस–उत्तर मॅसिडोनिया सीमा, स्कोप्ये, बेलग्रेड आणि मग बुडापेस्ट असा प्रवास आहे. हॅम्बुर्गमागे रेल्वेचं जाळं आहे, इथे जवळजवळ एकच धागा. तो तुटला की बल्गेरियातून लांबचा वळसा, नाहीतर ट्रक. २०१६ च्या वसंतात निर्वासितांची कोंडी झाल्यामुळे इडोमेनीचा लोहमार्ग कित्येक आठवडे बंद होता. २०२३ च्या फेब्रुवारीत ग्रीसमध्येच याच मार्गावर तेंबी इथे दोन गाड्या समोरासमोर धडकून ५७ माणसं गेली, त्यात कितीतरी विद्यार्थी होते. त्या मार्गाकडे नुसतं मालाच्या नजरेने बघणं मला जमत नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये डॅनिएल वादळाच्या पुरात मध्य ग्रीसमधल्या थेसलीतला लोहमार्ग वाहून गेला. यातली एकही अडचण बंदरातली नव्हती, सगळ्या रेल्वेवरच्या होत्या.

दुसरी गोष्ट कस्टम्सची, आणि भारतातून नियोजन करणाऱ्यांच्या ती पटकन लक्षात येत नाही. ग्रीस आणि हंगेरी युरोपीय संघात आहेत, मधले उत्तर मॅसिडोनिया आणि सर्बिया नाहीत. कस्टम्स हंगेरीत भरणार असाल तर कंटेनर टी-वन कागदावर, म्हणजे ड्युटी न भरलेल्या मालाच्या वाहतूक परवान्यावर निघतो. पिरेयसलाच ड्युटी भरून माल सोडवलात तर तो संघातला माल ठरतो, पण मधे संघाबाहेर जातो. तो दर्जा टिकवायला टी-टू, म्हणजे संघातल्या मालासाठीचा तसाच कागद लागतो. तो काढला नाही तर हंगेरीच्या सीमेवर तुमचा ड्युटी भरलेला माल पुन्हा परदेशी समजला जाऊ शकतो. आम्ही टी-वननेच आणतो. तरीही कागदावरचा सील नंबर आणि दारावरचा सील एका आकड्याने जुळला नाही, तर तो कंटेनर बाजूला काढून ठेवतात. म्हणून पुण्यात कंटेनर बंद होतानाच सीलचा स्पष्ट फोटो मागवून घ्या.

तिसरं म्हणजे तांबडा समुद्र. २०२३ च्या अखेरीस तिथे जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि बहुतेक मोठ्या कंपन्यांनी जहाजं आफ्रिकेला वळसा घालून नेली. तसं जाणारं जहाज पिरेयसला यायला जिब्राल्टरमधून आत शिरतं, म्हणजे तो वाचणारा आठवडा उरतच नाही, उलट हॅम्बुर्ग जवळ पडतं. त्यामुळे तुमची शिपिंग लाइन सध्या सुएझमधून जातेय का, हे आधी विचारा.

स्लोव्हेनियाचं कोपर बंदरही तपासा. तिथून बुडापेस्टपर्यंत सगळा प्रवास संघातच होतो, टी-टूची भानगड नाही. फक्त तिथला लोहमार्गही वर्षानुवर्षं एकेरी होता आणि त्याच्यावर ताण असायचा, तेव्हा आताची स्थिती विचारून घ्या.

मी तुमच्या जागी असतो तर ज्या भागांअभावी असेंब्ली लाइन थांबते ते हॅम्बुर्गवरच ठेवले असते आणि जड, सावकाश लागणारा माल पिरेयसने आणून बघितला असता. साठा ठरवताना सरासरी दिवस धरू नका, सगळ्यात उशिरा आलेली खेप धरा. फॉरवर्डरकडून जहाजाचं वेळापत्रक तर घ्याच, पण गेल्या सहा महिन्यांत प्रत्येक कंटेनर धक्क्यावर कधी उतरला आणि बुडापेस्टच्या टर्मिनलवर कधी पोचला, ती यादीही मागा. गाडी रखडली तर डिमरेज (कंटेनर बंदरात जास्त दिवस पडून राहिल्याचा आकार) आणि डिटेन्शन (रिकामा कंटेनर उशिरा परत केल्याचा आकार) कोण भरणार, हे कोटेशनमध्येच लिहून घ्या.