शांत वाटतं, पण फोनवर पुन्हा भांडण: कब्बालातलं चिंतन कसं करायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आईचं सगळं तुमच्याकडे, भाऊ परदेशात. आठवड्याला त्याचा फोन येतो आणि दर वेळी भांडणावर संपतो. रोज रात्री दहा मिनिटं तुम्ही कब्बालातली, म्हणजे ज्यूंच्या गूढ परंपरेतली, जीवनवृक्षाची आकृती डोळ्यांसमोर आणून त्यातून प्रकाश उतरतोय अशी कल्पना करता. तेवढ्यापुरतं बरं वाटतं, फोन आला की पुन्हा तेच. चुकतंय कुठे, हिब्रू शिकावी लागेल का, आणि चाळिशीच्या आत हे करू नये म्हणतात ते खरं का?

आधी चाळिशीचं. स्वतःला मसीहा म्हणवणाऱ्या याकोब फ्रांकच्या पंथाचा धसका घेऊन १७५६ साली तेव्हाच्या पोलंडमधल्या ब्रोडीच्या रब्बींनी (ज्यू धर्मगुरूंनी) ठरवलं की जोहार हा कब्बालाचा मुख्य ग्रंथ तिशीआधी आणि लुरियांची शिकवण चाळिशीआधी वाचू नये. ती शिकवण देणारे रब्बी इत्झाक लुरिया स्वतः १५७२ मध्ये त्सफातला (आजच्या इस्रायलमध्ये) वारले तेव्हा अडतीस वर्षांचे होते. बंदी त्या ग्रंथांच्या अभ्यासावर होती. स्वभावातल्या गुणांवर, म्हणजे 'मिद्दोत'वर, काम करायला वयाची अट नाही, आणि तुम्हाला हवंय ते हेच काम आहे.

आता चूक कुठे होते ते. तुम्ही आकृतीकडे बघता, पण भावाला बोललेलं वाक्य त्या आकृतीत कुठेच नेऊन ठेवत नाही. लुरियांच्या मांडणीत आधीच्या जगात, 'तोहू'त, सेफिरोत (जीवनवृक्षावरचे दहा दैवी गुण; एक असेल तर सेफिरा) सुट्या सुट्या उभ्या होत्या. एकीत दुसरीचा अंश नव्हता, म्हणून प्रकाश पेलवेना आणि तो धरणारी त्यांची भांडी फुटली. नंतरच्या 'तिक्कुन'च्या, म्हणजे दुरुस्तीच्या, जगात प्रत्येक सेफिरेत बाकीच्या सगळ्या थोड्या थोड्या आहेत, म्हणून ती टिकते. तुमचा फोन याच नजरेनं बघा. आईसाठी हात आखडता न घेता करता, तो हेसेद (देणारी माया), पण एकटा. साचतं आणि एका वाक्यात बाहेर पडतं, 'तुला काय, तू तिकडे मजेत', ती गेवुरा (आवर, मर्यादा), तीही एकटी. दोन्ही गुण चांगलेच आहेत. फुटतात ते एकमेकांत नसल्यामुळे. म्हणून प्रकाशाची कल्पना करून शांत होण्यापेक्षा कुठल्या गुणात कुठला गुण घालायचा राहिलाय, ते शोधायचं असतं.

यासाठी परंपरेत तयार चौकट आहे: ओमेर मोजणं, म्हणजे पेसाह आणि शावुओत या दोन ज्यू सणांमधले दिवस रोज रात्री मोजणं. पेसाहच्या दुसऱ्या रात्रीपासून शावुओतपर्यंत ४९ रात्री. खालच्या सात सेफिरोत, प्रत्येकीचा एक आठवडा, आणि त्या आठवड्यातला प्रत्येक दिवस तिच्यातल्या एका अंशाचा. पहिला दिवस हेसेदमधला हेसेद, दुसरा हेसेदमधली गेवुरा, आठवा गेवुरामधला हेसेद. लाग बाओमेर या सणाचा तेहतिसावा दिवस म्हणजे होदमधला होद. आधी आशीर्वाद म्हणायचा आणि मग ओमेर मोजायचा, ही ज्यूंची मित्स्वा (धर्माज्ञा) आहे. तुम्ही ज्यू नसाल तर आशीर्वाद आणि 'आज ओमेरचा अमुकवा दिवस' हे वाक्य घेऊ नका. ४९ घरांची चौकट मात्र वर्षात कधीही चिंतनासाठी वापरता येते.

सातांचे अर्थ रोजच्या भाषेत सांगतो. हेसेद म्हणजे देणारी माया. गेवुरा म्हणजे आवर, मर्यादा. तिफेरेत म्हणजे दोघांचा मेळ, समोरच्याला साजेल एवढंच देणं. नेत्सख म्हणजे चिकाटी. होद म्हणजे कबूल करण्याची ताकद. ज्या धातूपासून आभार मानणं आणि मान्य करणं हे दोन्ही शब्द येतात, तोच इथे आहे. येसोद म्हणजे नातं, बांधिलकी. मालखुत म्हणजे प्रत्यक्षात उतरणं. मालखुतला 'तोंड' असंही म्हटलंय, आणि तुमचं सगळं बिनसतं ते तोंडाशीच, म्हणून हे लक्षात ठेवा. सात आकडा बघून ही सात चक्रं आहेत असं धरू नका. चक्रं एकावर एक आहेत. सेफिरोतमध्ये उजवी, डावी आणि मधली अशा तीन ओळी आहेत, आणि सगळं काम डाव्या-उजव्याचा मेळ घालण्याचं आहे. शिडी समजून वर चढायला गेलात तर गेवुरा ही ओलांडून जायची पायरी वाटते, आणि तुम्हाला तर तिचीच गरज आहे.

रात्री वीस मिनिटं पुरतात. पहिली पाच मिनिटं मोठ्यानं बोलायचं, दार लावून, मराठीत. हे हितबोदेदूत, म्हणजे एकांतात देवाशी बोलणं. ब्रेस्लावचे रब्बी नाखमान (१७७२–१८१०) सांगायचे की रोजच्या बोलीत बोला, कारण माणसाचं मन त्याच भाषेत मोकळं होतं. त्यांचे लोक यिद्दिशमध्ये बोलत. त्यामुळे हिब्रू अडत नाही. कोकणातल्या बेने इस्रायलांनीही (मराठी बोलणाऱ्या ज्यूंनी) हगादा, म्हणजे पेसाहच्या रात्री वाचायची पोथी, मराठी भाषांतरासह १८४६ मध्ये मुंबईत छापून घेतली होती. या पाच मिनिटांत भावाबद्दल जे आहे ते सगळं बोला, राग असला तरी. शब्द सुचले नाहीत तर 'मला बोलता येत नाहीये' एवढंच परत परत म्हणा.

पुढची दहा मिनिटं हितबोनेनूत, म्हणजे त्या दिवसाचं एकच घर घेऊन विचार करायचा. हबाद या ज्यू परंपरेत याच्या तीन बाजू सांगतात. रोखव, रुंदी: त्या घराशी जुळणारे कालपासूनचे प्रसंग एकेक करून आठवायचे. ओरेख, लांबी: ते घर एखाद्या साध्या दृष्टान्तात उतरवायचं, पोराला सांगता येईल इतकं सोपं. ओमेक, खोली: बाकी सगळं सोडून गाभ्याच्या एका वाक्यावर थांबायचं. बहुतेक जण रुंदीतच अडकतात, दहाच्या दहा मिनिटं प्रसंग मोजत बसतात आणि आणखी चिडून उठतात. रुंदीला तीन मिनिटं, बास.

उरलेली पाच मिनिटं वहीला. चार ओळी: घर, प्रसंग, गाभ्याचं वाक्य, आणि उद्या रात्रीपर्यंत करायची एक गोष्ट. दुसऱ्या दिवसाचं पान असं दिसेल:

'हेसेदमधली गेवुरा. काल आईच्या फिजिओला नेलं, ऑफिसचं काम रात्री दीडला संपवलं, कुणाला सांगितलं नाही. मी न मागता देते आणि मग न दिल्याचा हिशेब त्याच्याकडून मागते. उद्या: महिन्याच्या औषधांचा आणि बाईच्या पगाराचा आकडा काढून ठेवायचा.'

चौथ्या ओळीत भावना नसावी. 'त्याला समजून घेईन' असं लिहिलंत तर ते उद्या झालं की नाही हे कुणालाच सांगता येणार नाही. आकडा काढला की नाही, हे सांगता येतं.

तुमच्या बाबतीत पहिला आठवडा असा जाईल. पहिल्या दिवशी फक्त हे बघा की आईसाठी करताना कुठला भाग मनापासून होतो. दुसरा वर दिलाच आहे, तो सगळ्यात जड जाईल. तिसऱ्या दिवशी, तिफेरेतला, भावाला काय देता येईल ते बघा: त्याला वेळ देता येत नसेल, पैसे देता येतील, किंवा उलट. चौथा चिकाटीचा, लवकर उरकतो. पाचवा होदचा. त्या दिवशी एक गोष्ट कबूल करायची जी आजवर टाळलीत. बहुधा 'मला एकटीला झेपत नाही' हीच असेल, आणि ती भावाला कधी सरळ सांगितलेली नसेल, टोमण्यातूनच गेली असेल. सहाव्या दिवशी, येसोदला, आईच्या आजाराव्यतिरिक्त तुम्हा दोघांत काय उरलंय ते आठवा. सातवा मालखुतचा. त्या दिवशी फोनवर बोलायचं पहिलं वाक्य लिहून ठेवा, आकड्यासकट: 'महिन्याला एवढा खर्च येतो, निम्मा तू बघशील का, आणि दिवाळीत पंधरा दिवस येऊन राहशील का?' शक्य असेल तर आठवड्याची सुरुवात अशी धरा की सातवा दिवस त्याच्या फोनच्या आदल्या रात्री येईल.

आता जिथे लोक घसरतात ते. सगळ्यात नेहमीचं म्हणजे समोरच्याला सेफिरा चिकटवणं: 'भाऊ म्हणजे नुसती गेवुरा.' वहीत त्याच्यासाठी घर नाही. सगळी ४९ घरं तुमचीच आहेत.

दुसरं, दिवसभर हेच घोळवणं. हबादचे संस्थापक श्नेऊर झाल्मान 'तान्या' या आपल्या ग्रंथाच्या सव्विसाव्या प्रकरणात कुस्तीचा दाखला देतात: दोघांतला एक जास्त ताकदीचा असला, तरी सुस्त आणि जड मनानं उतरला तर चीत होतो. म्हणून स्वतःच्या झडतीची वेळ ठरलेली असावी आणि ती टळली की विषय बंद. ऑफिसात भावाची आठवण आली तर 'रात्री नऊला' एवढंच म्हणा. तिथेच अठ्ठाविसाव्या प्रकरणात दुसरा इशारा आहे: प्रार्थनेत आलेले भरकटलेले विचार 'वर उचलून' शुद्ध करायचा खटाटोप साध्या माणसानं करू नये, तो त्सादिकांचा (सिद्ध पुरुषांचा) प्रांत आहे. चिंतनात विचार भरकटला तर त्याच्याशी वाद घालू नका, घराकडे परत या.

तिसरं, राग आला म्हणजे गेवुरा वाढली असं धरून आणखी गोड बोलायला लागणं. तुमच्यासारख्यांचं हमखास हेच होतं. राग बहुतेक वेळा वेळेवर न घातलेल्या मर्यादेचा असतो. म्हणजे गेवुरा कमी पडलेली असते आणि उशिरा आलेली असते. औषध दुसऱ्या घरात आहे, पहिल्यात नाही.

एखादी रात्र चुकली तर दुसऱ्या दिवशी दुपारी ते घर घ्या. ओमेरमध्येही रात्री राहिलेलं दिवसा मोजतात, फक्त आशीर्वाद न म्हणता. अख्खा दिवस गेला तर ते पान कोरं सोडून पुढे चला. एका रात्री दोन घरं उरकू नका, मग दोन्हींत फक्त रुंदी होते.

देवाच्या नावांची अक्षरं जुळवण्याचे आणि उच्चारण्याचे प्रकार इंटरनेटवर दिसतील. गुरू समोर नसताना त्यांना हात लावू नका, या कामाला ते लागतही नाहीत. आणि झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, जगणं नको वाटत असेल, तर आधी डॉक्टर. त्या अवस्थेत गेवुराचा आठवडा स्वतःला मारायचं हत्यार होतो. तेव्हा हवं तर पाच मिनिटांचं मोठ्यानं बोलणं तेवढं चालू ठेवा, वही बंद.

दुसरा आठवडा, आठ ते चौदा, तुम्हाला सगळ्यात अवघड जाईल. अडलात तर त्या दिवसाच्या चार ओळी इथे टाका, भावाचं नाव आणि गावाचा उल्लेख गाळून. चौथी ओळ कुठे घसरली ते बघू.