"दिलंच असेल" यावर थांबू नका

तुमची पोस्ट वाचून पोटात गोळाच आला. मुलगी सहा दिवसांची, कार्डवर व्हिटॅमिन केचा (जन्मल्यावर रक्तस्राव होऊ नये म्हणून देतात त्या इंजेक्शनचा) रकाना रिकामा आणि हॉस्पिटलवाले फोनवर म्हणतात "दिलंच असेल". आम्हालाही अगदी हेच ऐकवलं होतं. मी डॉक्टर नाही, पोळलेली आई आहे, त्यामुळे माझ्यावर विसंबू नका, पण आजच्या आज बाळाच्या डॉक्टरांना गाठा.

आमची चूक एकच. सिस्टर म्हणाल्या "बाळाचं इंजेक्शन झालं" आणि आम्ही माना डोलावल्या, कुठलं ते विचारलंच नाही. ते निघालं हिपॅटायटिस बीचं. व्हिटॅमिन के ही लस नाहीच, ते वेगळं, १ मिलिग्रॅम, आणि दोन्ही मांडीतच टोचतात, त्यामुळे खूण बघूनही काही कळत नाही.

चौथ्या दिवशी झबल्यावर सुपारीएवढा लाल डाग दिसला. नाळेच्या बुडाशी पुसलं की परत ओलं. मालिशवाल्या मावशी म्हणाल्या नाळ सुकताना येतंच, हॉस्पिटलला फोन केला तर तिथेही तेच, "घाबरू नका, पहिलटकरीण आहात ना". त्या एका वाक्यात आमचा दीड दिवस गेला, ते मी आजही विसरले नाहीये. शेवटी दुसरीकडे नेलं, तिथे टाचेतून रक्त घेतलं तर तासाभरानेही कापूस लालच. के टोचलं आणि काही तासांत थांबलं.

तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की रक्त गोठवणारे काही घटक लिव्हर बनवतं खरं, पण के नसेल तर ते कामाचेच होत नाहीत. पोटात असताना आईकडून बाळाला के जेमतेम मिळतं, आईच्या दुधातही फार कमी असतं. म्हणून बाळंतिणीने कितीही मेथी-पालक खाल्ली तरी ते इंजेक्शनची जागा घेत नाही (आमच्या सासूबाईंना हे अजून पटलेलं नाही). दूध मात्र आईचंच चालू ठेवा, त्याचा काही दोष नाही.

आणि "सहा दिवस झाले, आता कशाला" असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. के कमी पडल्याने होणारा उशिराचा रक्तस्राव सहा महिन्यांपर्यंत होऊ शकतो आणि तो बऱ्याचदा थेट मेंदूत होतो. या इंजेक्शनने बाळाला कॅन्सर होतो असं फॉरवर्डही येईलच, ते १९९० च्या सुमाराच्या ब्रिटनमधल्या अभ्यासावरून पसरलंय, नंतरच्या मोठ्या अभ्यासांत तसं काही सापडलं नाही.

केसपेपर मागायला गेलो तेव्हा रेकॉर्डच्या खिडकीवर तीन चकरा, साहेब जेवायला गेलेत, अर्ज आणा, झेरॉक्स आणा, आणि हातात आलं काय तर नुसती टिकमार्क, ना वेळ ना सही! असो.

गरोदरपणात फिट्सच्या किंवा टीबीच्या गोळ्या चालू होत्या का, ते डॉक्टरांना आधीच सांगा. नाक, हिरड्या, शी, कुठूनही रक्त दिसलं, टाळू फुगलेली वाटली किंवा बाळ सुस्त पडलं तर अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट इमर्जन्सीत. आणि टोचलं की तिथेच उभं राहून कार्डवर तारीख, वेळ, सही घ्या. जाऊन आलात की कळवा.