पत्नीला सातवा महिना आहे. बाळाचे ठोके घरीच मोजायला पोटावर लावायचा सेन्सर घ्यावा का?

डॉक्टरांनी लिहून दिला तर जरूर घ्या, स्वतःहून ऑनलाइन मागवू नका.

पोटावरच्या पट्ट्यातले इलेक्ट्रोड बाळाच्या हृदयाचे अगदी क्षीण विद्युत संकेत टिपतात. त्यात आईच्या हृदयाचे संकेत मिसळलेले असतात, ते सॉफ्टवेअर वेगळे काढतं. अडचण अशी की साधारण २८ ते ३२ आठवड्यांत बाळाच्या अंगावरचा पांढरा चिकट थर हे संकेत अडवतो, म्हणजे नेमकं तुमच्या सध्याच्या दिवसांत. अमेरिकेत २०२० साली मान्यता मिळालेला ‘इन्व्हू’ पट्टाही ३२ आठवड्यांनंतर, एकच बाळ असताना आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानेच वापरायचा आहे. आपल्याकडे बंगळूरच्या ‘जनित्री’ने ‘केयार’ नावाचा पॅच बनवला आहे.

स्वस्तातल्या हातातल्या डॉपलरची, म्हणजे ध्वनिलहरींनी ठोके ऐकवणाऱ्या यंत्राची, मला खरी भीती वाटते. बाळाचे ठोके मिनिटाला ११० ते १६० असतात. पण त्या यंत्रात पुष्कळदा वारेतल्या रक्तप्रवाहाची ‘हूश हूश’ किंवा आईचीच नाडी ऐकू येते आणि घरचे निर्धास्त होतात. आईची नाडी घाबरल्यावर शंभरच्या वर गेली, की फरक कळणं आणखी अवघड.

तेव्हा वहिनींना बाळाच्या हालचालींकडे लक्ष ठेवायला सांगा. हालचाल कमी वाटली, तर यंत्रावर ठोके ऐकू येत असले तरी थांबू नका. रात्र असो वा सणाचा दिवस, लगेच दवाखाना गाठा आणि एनएसटी, म्हणजे बाळाच्या ठोक्यांची तपासणी, करून घ्या.