दुकानात प्रतीक्षायादी आणि बाहेर चढा भाव: स्टीलच्या रोलेक्सचं हे काय गौडबंगाल आहे?

कंपनी मुद्दाम कमी माल काढते म्हणून भाव चढतो का, आणि जादा पैसे मोजून बाहेरच्या विक्रेत्याकडून घ्यावं का, असं तुम्ही विचारलंय. नुसतं दुर्मिळ असून काही होत नाही हो. माझ्या शाळेच्या स्मरणिकेच्या जगात चारच प्रती उरल्या असतील, पण मागतंय कोण?

रोलेक्स डेटोनाचंच बघा. हे घड्याळ १९६३ मध्ये आलं, तेव्हा त्याला हाताने चावी द्यावी लागायची. त्याची एक तबकडी होती, आतल्या लहान वर्तुळांत रेघांच्या टोकाला बारीक चौकोन असलेली. गिऱ्हाइकांना ती भडक वाटायची, दुकानात पडून राहायची. खपत नव्हती म्हणून थोडीच निघाली. पुढे नट पॉल न्यूमनच्या मनगटावर तीच दिसते म्हटल्यावर संग्राहक तिच्यामागे लागले. २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात खुद्द न्यूमनचं घड्याळ १ कोटी ७७ लाख डॉलरला गेलं. त्याच्या पाठीवर बायकोने 'गाडी सांभाळून चालव' अशा अर्थाचे शब्द कोरून घेतले होते. थोडक्यात, ही टंचाई कोणी ठरवून केली नव्हती, लोकांच्या नावडीतूनच ती झाली.

आता आवडीचं सांगतो, कारण इथे मीच फसलोय. मुंबईतल्या एका दुकानात स्टीलचं मॉडेल काचेत होतं, शेजारी 'फक्त प्रदर्शनासाठी' अशी चिठ्ठी. विक्रेत्याने ट्रेमधून स्टील-सोनं मिश्र घड्याळ काढलं आणि म्हणाला, "सर, हे आजच न्या." सहा महिने मी त्याच स्टील-सोन्याच्या घड्याळाचे फोटो बघत होतो! पण 'आजच न्या' ऐकलं आणि ते एकदम लग्नातल्या मामासारखं दिसायला लागलं. घेतलं नाही. मिळत नाही ते सुंदर दिसतं, हा रोग मलाही आहे.

जादा पैशांचं म्हणाल तर पाटेक फिलिप या दुसऱ्या स्विस कंपनीचं नॉटिलस ५७११ हे स्टीलचं घड्याळ बघा. २०२१ मध्ये कंपनीने ते बंद करायचं जाहीर केलं. हिरव्या तबकडीचं, दुकानात तीसेक हजार युरोचं घड्याळ त्याच जुलैत मोनॅकोच्या लिलावात ४ लाख १६ हजार युरोला गेलं. २०२२ च्या वसंतानंतर मात्र क्रिप्टो कोसळलं, व्याजदर चढले आणि ५७११ चेही भाव उतरले. कंपनीने काही ते पुन्हा बनवायला घेतलं नव्हतं. घड्याळं तेवढीच होती, फक्त हौशे आणि सट्टेवाले पांगले.

म्हणून मी तरी जादा पैसे देणार नाही. तुम्हाला राहवतच नसेल तर डबा, वॉरंटी कार्ड आणि मूळ बिल तिन्ही मागून घ्या. कार्ड नसलं की विकायला गेल्यावर समोरचा आधी त्यावरच बोट ठेवतो.