टेस्टची तारीख वडिलांनी ठरवायची नसते

(सांगलीहून एका वडिलांचं पत्र : मुलगा २४ वर्षांचा, सीपीएल (व्यावसायिक वैमानिकाचा परवाना) हातात येऊन दीड वर्ष झालं, नोकरी नाही. इन्स्ट्रुमेंट रेटिंगच्या (आयआर, म्हणजे बाहेर न बघता फक्त उपकरणांवर विमान उडवण्याची पात्रता) नूतनीकरणाच्या टेस्टमध्ये नापास झाला. 'होल्डिंग चुकलं आणि खाली गेलो, म्हणतो. परवाना गेला का? एअरलाइनचे अर्ज बंद होताहेत, म्हणून आम्ही पुढच्या सोमवारची तारीख घेतली आहे. पुन्हा नापास झाला तर एमबीएला घालू का?')

नमस्कार,

पत्रात 'आम्ही' फार आहे. आम्ही कर्ज काढलं, आम्ही तारीख घेतली, आम्ही रोज सकाळ-संध्याकाळ फोन करून तयारी विचारतो. मुलाच्या वाट्याला एकच ओळ आली, आणि कामाची तेवढीच आहे.

आधी गैरसमज. परवाना गेलेला नाही. आयआर हे परवान्यावरचं वेगळं रेटिंग आहे, त्याची मुदत एक वर्षाची. ते संपलं तरी सीपीएल राहतो. फक्त ढगात, कमी दृश्यमानतेत, म्हणजे आयएफआर (उपकरणांच्या नियमांनुसारचं) उड्डाण करता येत नाही. एअरलाइनला चालू आयआर लागतं हे खरं. पण दर वर्षी टेस्ट द्यावी लागते म्हणजे मुलगा कच्चा, हे कोणी सांगितलं? दहा हजार तास उडवलेले कॅप्टनही सिम्युलेटरवर हीच टेस्ट दर वर्षी देतात. हे कौशल्य हातातून लवकर निसटतं, म्हणून. दीड वर्ष घरी बसलेल्या मुलाचं तर निसटणारच.

आता त्याची ओळ. होल्डिंग म्हणजे उतरायची पाळी येईपर्यंत आकाशातल्या ठरलेल्या बिंदूपाशी (फिक्स) लांबट घिरट्या घालणं; 'खाली गेलो' म्हणजे उतरताना ठरलेल्या किमान उंचीच्या खाली. 'होल्डिंग चुकलं' आणि 'खाली गेलो' या बहुधा दोन चुका नाहीत, एकच आहे. शंभर नॉटला विमान मिनिटाला तीन किलोमीटर पुढे जातं. फिक्सवर पोचल्यावर एंट्री (घिरटीत शिरायची पद्धत) कोणती, याचा विचार सुरू केला तर उशीर झालेला असतो. एंट्री दोन-तीन मिनिटं आधीच ठरवून मोठ्याने म्हणायची असते. बाहेरच्या लेगचं (फिक्सपासून दूर जाणाऱ्या सरळ टप्प्याचं) एक मिनिट फिक्सच्या बाजूला आल्यावर किंवा हेडिंग (ठरलेली दिशा) धरल्यावर, जे नंतर होईल तिथून मोजायचं. त्या लेगवर वाऱ्याची दुरुस्ती आतल्या (फिक्सकडे येणाऱ्या) लेगच्या साधारण तिप्पट. हे गडबडलं की पोरगं विमानाच्या मागे धावतं, व्हीओआर अप्रोचची (जमिनीवरच्या रेडिओ केंद्राच्या आधाराने धावपट्टीकडे उतरत येण्याची) तयारी अर्धवट राहते आणि किमान उंचीला थांबायचं राहून जातं. या उंचीच्या एक फूटही खाली जायचं नसतं. मिनिटाला ७०० फुटांनी उतरत असेल तर ७० फूट आधीच नाक उचलायला घ्यायचं. धावपट्टी दिसते का म्हणून बाहेर डोकावत बसलं की हेच चुकतं. दिसली नाही तर मिस्ड अप्रोच पॉइंटला (उतरणं सोडून परत वर जायच्या ठरलेल्या जागी) पॉवर, नाक वर, गिअर (चाकं) आत, फ्लॅप (पंखांच्या मागच्या पट्ट्या) आत. रेडिओवर बोलणं नंतर. एक इंजिन बंद धरून केलेला अप्रोच आणि गो-अराउंडही (उतरणं सोडून पुन्हा वर जाणं) तपासतात, तिथे विमान सरळ ठेवणारा पायाचा दाब सैल पडतो.

आयएलएसबद्दल (धावपट्टीची दिशा आणि उतार दोन्ही दाखवणाऱ्या रेडिओ यंत्रणेवरच्या अप्रोचबद्दल) तुम्ही काही लिहिलेलं नाही, म्हणजे तो ठीक असावा.

त्याने परीक्षकाचा शेरा लेखी मागावा, त्याच चुकांवर सिम्युलेटरची तीन-चार सत्रं घ्यावीत आणि मग विमानात एखादं उड्डाण. घरी खुर्चीवर बसून, वाऱ्याच्या वेगवेगळ्या दिशा धरून रोज दहा होल्डिंग कागदावर काढावीत, फुकट आहे. अप्रोच सलग तीन वेळा नीट झाला, असं प्रशिक्षकाने म्हटलं की तारीख.

सोमवारची नाही. अर्जाची मुदत हुकली तर पुढची भरती बघता येईल. घाईत दुसऱ्यांदा नापास झाला तर तोच प्रश्न प्रत्येक मुलाखतीत विचारतील. माझं स्पष्ट मत : घाई तुमची आहे, त्याची नाही.

एमबीएचा प्रश्न मी बाजूला ठेवतो. उडवायचं आहे का, हे त्याला तुम्ही विचारल्याचं पत्रात कुठेच दिसत नाही. त्याला स्वतः मला लिहायला सांगा, आणि सोमवारची तारीख रद्द करायचा फोनही त्यालाच करू द्या.